घाऱ्या डोळ्यांबद्दल खुलासा

अमळनेर-पारोळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर माझ्या पुनर्जन्माच्या कथेतला एक उतारा ‘आपल्या खान्देशातली खरी घटना’ म्हणून फिरतो आहे. मागचा जन्म आठवताच बाळाचे काळेभोर डोळे घारे होतात आणि आजी आपल्या गेलेल्या लेकाला ओळखते, असा तो प्रसंग. हे घडलेलं नाही, मी रचलं आहे. चेहरा, आवाज, गाव सगळं बदललेलं असताना ओळख पटायला कथेत एखादी खूण लागते. मी डोळे निवडले, कारण आपल्याकडे घारे डोळे चटकन नजरेत भरतात.

बुबुळाचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. काही बाळांचे डोळे जन्मतः निळसर-करडे असतात आणि मेलॅनिन वाढत गेल्यावर साधारण पहिल्या वर्षात गडद होतात. आठवणीने रंग पालटत नाही.

एका आईने मुलाचा फोटो पाठवून ‘हा कोणाचा जन्म?’ असं विचारलं, तेव्हा मी हादरलो. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा एकाच डोळ्याचा रंग बदलला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. ती चमक रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते.