भाताला राइस, मग तांदळाला काय?

पालकांच्या ग्रुपवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: चिनी मुलं रोज 50 इंग्रजी शब्द पाठ करतात. त्यांची लिपी चित्रांची, त्यामुळे शब्द फोटोसारखा डोक्यात बसतो. आपण मात्र घर, बाजार, स्वयंपाकघर असल्या बालिश धड्यांत वर्षं घालवतो. 2 महिन्यांत 3000 शब्द होतात, आणि 3000 शब्दांत 95 टक्के इंग्रजी वाचता येतं. शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’.

मी थोडंफार चिनी शिकले आहे. शिकताना चीनमधल्या छंगदू शहरातल्या एका मैत्रिणीशी तीन वर्षं देवाणघेवाण चालली होती. ती मला चिनी शिकवायची, मी तिला इंग्रजी. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवेना. एकेक मुद्दा घेते.

चिनी मुलं शब्दांच्या याद्या पाठ करतात, हे खरंच आहे. विद्यापीठांतल्या इंग्रजी परीक्षेसाठी जाडजूड याद्यांची पुस्तकं मिळतात. पण मेसेज लिहिणाऱ्याला या याद्यांवरचा तिकडचा विनोद ठाऊक नसावा. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत सुरुवातीलाच ‘अबॅन्डन’ येतो, म्हणजे सोडून देणे. दर सत्रात लोक नव्या उमेदीनं पुस्तक उघडतात, ‘अबॅन्डन’ पाठ करतात आणि तिथेच सोडून देतात. बारा वर्षं इंग्रजी शिकून पक्का येणारा शब्द हाच एक, असं चिनी विद्यार्थी स्वतःच सांगतात.

शाळेत मात्र वेगळं चालतं. 2001 मध्ये चीनच्या शिक्षण मंत्रालयानं तिसरीपासून इंग्रजी आणलं. पीपल्स एज्युकेशन प्रेसचं तिसरीचं जे पुस्तक मैत्रिणीच्या भाच्याकडे होतं, त्यातले धडे रंग, शरीराचे अवयव, प्राणी, खाणं, वाढदिवस असे. 2022 च्या अभ्यासक्रमातही सगळे विषय तीन गटांत बसवलेत: माणूस आणि स्वतः, माणूस आणि समाज, माणूस आणि निसर्ग. म्हणजे आपण ज्यांची नक्कल करायची, तेच ‘बालिश’ धडे शिकवताहेत.

चित्रलिपीचा मुद्दा पटकन उरकते, कारण त्यात दम नाही. बहुतेक चिनी अक्षरांत एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा असतो. ‘मा’ म्हणजे आई. त्या अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा. घोड्याचा आईशी काडीचा संबंध नाही. घोड्यालाही ‘मा’च म्हणतात, सूर तेवढा वेगळा, म्हणून तो तिथे. शिवाय 1958 पासून चीनमध्ये पिनयिन आहे, म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार लिहायची पद्धत, आणि ती पहिलीतच शिकवतात. इंग्रजी मुळाक्षरं त्यांना नवीन नसतात, पण सवयीचे उच्चार वेगळे. पिनयिनमध्ये सी म्हणजे ‘त्स’, क्यू म्हणजे ‘छ’च्या जवळचं काहीतरी. ही सवय मोडायलाच वेळ लागतो. फोटो वगैरे काही नाही.

आता ‘बालिश’ या शब्दाकडे येते. माझा खरा राग त्यावरच आहे.

आपल्याकडे शेतात साळ असते (कोकणात तिलाही भातच म्हणतात), डब्यात तांदूळ आणि ताटात भात. चिनीतही नेमके तीन शब्द आहेत: पिकाला ताओ, दाण्याला मी, शिजल्यावर फान. इंग्रजीत ‘पॅडी’ आहे खरा, पण रोजच्या वाचनात शेतापासून ताटापर्यंत राइसच भेटतो. यादीतून ‘राइस’ म्हणजे फान एवढंच पाठ केलेलं असलं, की झालं. मग ‘वॉश द राइस’ वाचताना शिजलेला भात धुवायचा का, हा प्रश्न पडणारच. मैत्रिणीनं मला तो गंभीरपणे विचारला होता.

मांसाचं उलट. चिनीत जनावराच्या नावाला ‘रोउ’ म्हणजे मांस जोडलं की काम झालं. डुक्कर ‘जू’, त्याचं मांस ‘जूरोउ’. इंग्रजीत पिग गोठ्यात आणि पोर्क ताटात, काऊ कुरणात आणि बीफ ताटात. 1066 नंतर फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंडचे मालक झाले, त्याची ही शिल्लक.

नात्यांत तर आपण आणि चिनी एकाच बाजूला. आत्याला गूगू, मावशीला यीमा. वडिलांचा थोरला भाऊ बोबो आणि धाकटा शूशू (हसू नका). गोष्टीत ‘आँट’ आली की मैत्रीण थांबायची: ‘कुठली? गूगू की यीमा?’ गोष्ट ते सांगायचीच नाही. ते न कळताही पुढे वाचायचं, हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे आणि ती यादीतून येत नाही.

सगळ्यात मजा ‘खाइ’ या क्रियापदाची. आपण दार उघडतो, दिवा लावतो, गाडी चालवतो, मीटिंग घेतो. चिनी माणूस या चारही गोष्टी ‘खाइ’ करतो. यादीत ‘ओपन म्हणजे खाइ’ असं पाठ केलेला मुलगा बिनदिक्कत ‘ओपन द लाइट’ म्हणतो. 3000 शब्द पाठ झाले तरी तो तसंच म्हणणार, कारण त्याच्या हिशेबी ‘ओपन’ येऊन गेलेला असतो.

म्हणून आम्ही एक विषय धरून वाचायला लागलो. तीन आठवडे फक्त स्वयंपाक: पाककृती, पाकिटांच्या मागचा मजकूर, कुकरचं माहितीपत्रक. पाच पाककृती वाचल्या की झाकण, निथळणं, मंद आच यांचे इंग्रजी शब्द दहा-दहा वेळा समोर येतात, आणि दर वेळी शेजारी वेगळे शब्द असतात. सहाव्या पाककृतीला तिनं शब्दकोश उघडलाच नाही. यादी फेकून द्या असं मी म्हणत नाही. वाचनात भेटलेले शब्द वहीत उतरवून उजळणी करायला ती बरी. आधी यादी आणि मग वाचन, हा क्रम चुकीचा.

राहिले 95 टक्के. आकडा मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ दर 20 शब्दांत एक अनोळखी. 300 शब्दांच्या पानावर असे 15, आणि वाक्याचा अर्थ बहुधा त्याच पंधरांत दडलेला. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला होता. कुणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं धरलं तर 8000 ते 9000 शब्दकुळं लागतात. एका कुळात ‘हेल्प’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ सगळे आले.

तेही जाऊ द्या. सगळे शब्द ओळखीचे असले तरी काय होतं ते सांगते. मैत्रीण विद्यापीठातली वरच्या पातळीची इंग्रजी परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली आणि इंग्लंडला शिकायला गेली. पहिल्याच आठवड्यात दारात कुरियरची चिठ्ठी: ‘सॉरी वी मिस्ड यू. वी लेफ्ट इट नेक्स्ट डोअर.’ तिनं मला फोटो पाठवला. आधी विचारलं, या माणसाला माझी आठवण का यावी? मग म्हणाली, ‘लेफ्ट’ म्हणजे डावीकडे ना, मी डावीकडच्या घराची बेल दोनदा वाजवून आले, त्यांच्याकडे काही नाही.

पार्सल उजवीकडच्या घरात होतं.