टायम आसा मां?

आमच्या बँकेचा शनिवार अर्धा असायचा. दुपारी शटर अर्ध्यावर यायचं, दोनपर्यंत कॅश जुळायची (जुळली तर), आणि मी नि शेजारच्या काउंटरवरची माझी मैत्रीण फोर्टातून बस पकडून थेट गिरगाव गाठायचो. तिथे एका चाळीच्या तळमजल्यावर मालवणी खानावळ होती. टेबलं नऊ, आणि प्रत्येकाची डुगडुग वेगळी. दाराशी फळा, त्यावर खडूने त्या दिवसाच्या मासळीची नावं. एखादा मासा संपला की मालक गल्ल्यावरून उठून ओल्या फडक्याने तेवढंच नाव पुसायचे. 'बांगडा' पुसला जाताना चांगली मिशीवाली माणसं हळहळलेली मी पाहिली आहेत.

मैत्रिणीचा खरं तर शनिवार असायचा. पण तिथल्या करलीची चव लागल्यावर तिने शनिवार सोडून सोमवार धरला. "मारुतीराया ब्रह्मचारी आहे, समजून घेईल," असं तिचं म्हणणं. ब्रह्मचर्याचा आणि करलीचा संबंध काय, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

करली म्हणजे लांबलचक, चांदीच्या पट्टीसारखा मासा. चव अशी की पापलेट तिच्यापुढे नुसतंच गोरंगोमटं वाटावं. पण काटे! बेचक्यासारखे दुतोंडी, केसासारखे बारीक, आणि कुठे असतील याचा काही नेम नाही. करली खायची म्हणजे घास तोंडात ठेवून जिभेने आतल्या आत ऑडिट करायचं. संशयास्पद नोंद सापडली की ओठांवर आणायची, बोटांनी काढून ताटाच्या कडेला लावायची. एका तुकडीला दहा मिनिटं सहज. म्हणून मालक फक्त करलीच्याच ऑर्डरला विचारायचे, "टायम आसा मां? नायतर इसवण घेवा." इसवण म्हणजे सुरमई, घाईतल्या लोकांचा मासा. आम्ही तोऱ्यात सांगायचो, "आसा." साडेचारपर्यंत आम्हाला कोणी उठवत नसे. तीन वाजून गेले की पोऱ्या शेजारच्या टेबलावर लसूण सोलायला बसे, आणि बोलता बोलता आम्हीही त्याला चार पाकळ्या सोलून देत असू.

मग १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला आणि उरलेले शनिवार पूर्ण. चार अर्धे दिले, दोन अख्खे घेतले. हिशोब पैशाला पैसा जुळतो, पण त्यात करली कुठे बसत नाही. सुट्टीच्या शनिवारी डोंबिवलीहून गिरगावला मासे खायला जाते म्हटलं तर घरात कोणी आपल्याकडे कौतुकाने बघत नाही. पुढे तिकडे मेट्रोचे पत्रे लागले, मग करोना, मग माझे गुडघे.

निवृत्त झाल्यावर मैत्रिणीचा फोन आला. "शनिवारी जाऊ या गं. निवांत." त्या 'निवांत'वर मी भाळले. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रोने दुसरं स्टेशन गिरगाव. पूर्वी बसमध्ये गप्पांचा पहिला अंक व्हायचा, इथे पर्स सावरेपर्यंत उतरायची वेळ आली.

खानावळीसमोर गर्दी दिसली तेव्हा मला वाटलं कोणी गेलं की काय. रांग होती ती. वहीत नावं लिहिणारा मुलगा म्हणाला, "पाऊण तास, मॅडम. आज दुसरा शनिवार ना." तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या दोन बायकांना दुसरा शनिवार आठवला नाही! निवृत्ती म्हणतात ती हीच.

आत जागा तेवढीच, टेबलं मात्र चौदा. फळा जागेवर होता. गल्ल्यावर तरुण मुलगा, आणि त्याच्या डोक्यावर मालकांचा फोटो, हार घातलेला. काही विचारायचं उरलं नाही.

"दोन करली थाळी," मैत्रीण म्हणाली.

"सुरमई घ्या ना मॅडम, फ्रेश आहे. करलीला वेळ लागतो."

"आम्हाला वेळच वेळ आहे."

"तुम्हाला आहे हो," असं म्हणून वेटरने माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं.

मागे एक गृहस्थ उभे होते. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात, हातात बायकोची पिशवी, कानाला फोन. ही इथली नवी पद्धत. वहीतला पुढचा नंबर थेट तुमच्या पाठीशी येऊन उभा राहतो. नवस फेडायला उभं राहावं तसा, पण श्रद्धा कमी.

"आत आलोय गं," ते बाहेर थांबलेल्या बायकोला सांगत होते. "दोघी आहेत. नाही, अजून सोलकढीवरच आहेत. गप्पा मारतायत."

आम्ही गप्पा थांबवल्या.

ताट आलं. तळलेली करली, कालवण, तांदळाची भाकरी. पहिल्या घासाला सांगते, हात अजून तोच होता. मैत्रिणीने डोळे मिटले. एवढ्यात मागून, "सुरुवात केली... भाकरी... हो, भात अजून यायचाय." आपल्या जेवणाचं धावतं समालोचन ऐकत तुम्ही कधी जेवला आहात का? माझं ऑडिट ढेपाळलं. मी भराभर घास पास करू लागले. इतक्या वर्षांत एकही खोटी नोट माझ्या हातून सुटली नव्हती, पण त्या दिवशी काटा सुटला.

घशात बरोबर मध्ये. माझ्या तोंडाकडे बघून मैत्रीण ओरडली, "काटा!" आणि सगळी खानावळ एकदम डॉक्टर झाली. कोणी म्हणालं, कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळा. शेजारच्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या, पाणी अजिबात नको. गृहस्थ तर समालोचन सोडून दाराकडे धावले आणि बाहेरून त्यांच्या मुलाच्या डब्यातलं केळं घेऊन आले. स्वतः सोलून दिलं. मी डोळ्यांतून पाणी काढत अर्धं केळं गिळलं, भाताचे तीन गोळे गिळले.

"गेला?"

मी आवंढा गिळून पाहिला. "गेला."

"वा! मग... झालं का तुमचं?"

माझी दीड तुकडी उरली होती. पण ज्याच्या मुलाचं केळं खाल्लं त्याला ताटकळत कसं ठेवणार? उठलो. मैत्रिणीने मात्र शेवटची तुकडी उभ्याउभ्या संपवली, काटे पद्धतशीर कडेला लावून.

हात धुऊन, पैसे देऊन मी बडीशेप चघळत मागे वळले. गृहस्थ माझ्या खुर्चीवर, समोर बायको, मांडीवर पोरगं. वेटर म्हणाला, "सुरमई ना, साहेब?"

त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. "नको. यांनी खाल्लं तेच द्या."

त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर एव्हाना नवा हात आला होता. हातवाल्या काकांनी फोन लावला. "आत्ता बसलेत," ते म्हणाले. मग जरा थांबून, पडलेल्या आवाजात, "करली सांगितली गं."