बाखच्या जोडीला ड्रम्स: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या रचना जॅझ शैलीत वाजवणाऱ्या फ्रेंच पियानिस्ट जाक लूसिएच्या ‘प्ले बाख’ त्रिकुटावरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप दोन. बाखची रचना स्वयंपूर्ण आहे, तिला बास (खालचे सूर वाजवणारं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स जोडणं ही विटंबना. आणि जॅझ म्हणून ऐकावं तर हे सगळं फार गुळगुळीत. दुसरा मला बराचसा पटतो, पहिला अजिबात नाही.

‘बंदिशीचे शब्द बदलतो का आपण?’ असं तुम्ही विचारता. नाही बदलत, पण बंदिश म्हणून झाली की गाणं थांबवतही नाही. बाख तर उत्स्फूर्त वादनासाठीच त्याच्या काळात नावाजलेला होता. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने एक अवघड सुरावट पुढे केली आणि बाखने तिथल्या तिथे तिच्यावर तीन आवाजांचा फ्यूग वाजवला, म्हणजे एकच सुरावट पाठोपाठ उचलून एकमेकींत गुंफत जाणाऱ्या तीन स्वतंत्र ओळी. त्या काळी साथीला बसलेल्या कीबोर्डवादकासमोर बहुधा नुसती खालच्या सुरांची ओळ आणि तिच्याजवळ आकडे असत. वरचे कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, त्याने वाजवता वाजवता भरायचे. कागदावरची कॉर्ड्सची नावं बघून जॅझ पियानिस्ट आज वेगळं काय करतो?

या त्रिकुटाच्या १९५९ च्या पहिल्या रेकॉर्डवरचा सी मेजर प्रील्यूडच (बाखची एक छोटी कीबोर्ड-रचना) घ्या. मूळ प्रील्यूड ३५ मात्राखंडांचा. शेवटचे काही सोडले तर प्रत्येक खंडात एकच कॉर्ड, त्याचे सूर सुटे करून तीच आकृती दोनदा. गुणगुणता येईल अशी चाल त्यात नाहीच. म्हणून तर फ्रेंच संगीतकार गूनोने १८५३ मध्ये त्यावर स्वतःची चाल बसवली, आणि पुढे तीच ‘आवे मारिया’ या प्रार्थनेच्या शब्दांत जगभर गायली गेली. तिला कुणी विटंबना म्हणत नाही. लूसिए त्याच कॉर्ड्सवर आपलं काही सुचवतो, तर तो गुन्हा कसा?

आता गुळगुळीतपणा. ‘जी स्ट्रिंगवरची एअर’ ही बाखची संथ रचना लूसिएच्या वादनात ब्रिटनमध्ये सिगारच्या जाहिरातीतून घरोघरी पोचली, आणि त्या तुकड्यात नवीन फारसं काही नाही हे मान्य. माझी खरी तक्रार मात्र फ्यूगबद्दल आहे. तिथे तीन-चार आवाज एकमेकांत गुंतलेले असतात. लूसिए मूळ सोडून स्वतःचं वाजवू लागला की उजवा हात पळतो, डावा कॉर्ड्स टाकतो, आणि ते आवाज हरवतात. हे नुकसान छोटं नाही. पण अशा वेळी त्रिकुटातल्या पिएर मिशलोचा बास ऐका. १९५७ मध्ये पॅरिसला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने चित्रपटाच्या संगीतासाठी घेतलेला हाच बासवादक. पियानोने सोडलेला खालचा आवाज तो एकटा जिवंत ठेवतो. क्रिस्तियां गारोसचे ड्रम्सही त्याला झाकत नाहीत.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच विचारावासा वाटतो. तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो ही बाखची वाद्यवृंदासाठीची रचना; तिच्या मधल्या भागात बाखने फक्त दोन कॉर्ड्स लिहून ठेवलेत. तिथे वादकांनी काय करावं, असं तुम्हाला वाटतं?