‘तक्रार करायला जागाच नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. दोन ग्रुप कर्णबधिर मुलांच्या घरच्यांचे, तिसरा आमच्या सोसायटीचा. तिसऱ्यावर तो सेक्रेटरींनीच टाकला होता, खाली हात जोडलेली इमोजी. मेसेज असा:

‘दिव्यांगांनो, फसू नका. कायदा नुसता कागदावर आहे. तक्रार ऐकायला अख्ख्या देशात एकच आयुक्त, तोही दिल्लीत, आणि त्याला फक्त सल्ला देता येतो. खासगी कंपन्यांना कायदा लागूच नाही. चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट नसेल तर दारात उभं करत नाहीत. वकील लावा, पैसे घाला. आणि कर्णबधिराचं म्हणणं ऐकणार कोण? त्यापेक्षा व्हिडिओ काढा, व्हायरल करा.’

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे आणि त्याच्या तक्रारींचे अर्ज लिहून लिहून माझा हात आता बसला आहे. मेसेजमागचा वैताग मला पूर्ण कळतो. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे किंवा अर्धीच खरी आहे.

‘एकच आयुक्त, तोही दिल्लीत’

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्याच्या २३व्या कलमानुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत एक तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर वरची पायरी म्हणजे जिल्हास्तरीय समिती. त्याशिवाय प्रत्येक राज्याला स्वतःचा राज्य आयुक्त आहे. महाराष्ट्राचं कार्यालय पुण्यात. दिल्लीचे मुख्य आयुक्त प्रामुख्याने केंद्राच्या अखत्यारीतल्या गोष्टींसाठी.

म्हणजे रेल्वे, टपाल खातं, राष्ट्रीयीकृत बँक, केंद्रीय विद्यापीठ असेल तर दिल्ली. एसटी, जिल्हा परिषदेची शाळा, महापालिकेचा फुटपाथ, सरकारी इस्पितळ असेल तर पुणे. हे एवढं कळलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात. मी स्वतः एकदा रेल्वेच्या फलाटाची तक्रार पुण्याला पाठवली होती. तिचं पुढे काहीच झालं नाही, आणि तेव्हा मीही अगदी याच मेसेजसारखं बोलत होतो.

‘आमच्याकडे असा कोणी अधिकारी नाही’ असं काउंटरवर ऐकायला मिळतं. हुज्जत घालू नका. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका: कलम २३ खालच्या अधिकाऱ्याचं नाव, नेमणुकीची तारीख, नोंदवहीची प्रत. अधिकारी नसेल तर बहुतेकदा अर्ज पोचल्यावर नेमला जातो.

‘त्याला फक्त सल्ला देता येतो’

हे मेसेजमधलं सगळ्यात खरं वाक्य, म्हणून सगळ्यात फसवंही. आयुक्त शिफारस करतात, हे बरोबर. पण संबंधित खात्याने त्यावर कारवाई करून तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर का नाही ते त्याच मुदतीत आयुक्तांना आणि तक्रारदाराला कळवायचं असतं. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. जे खातं तुमच्या पाच अर्जांना उत्तर देत नाही, ते आयुक्तांच्या नोटिशीला देतं. ते उत्तर आणि ती शिफारस घेऊन उच्च न्यायालयात गेलात तर तुमची बाजू रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा कितीतरी भक्कम असते.

एक मर्यादा मात्र आहे. आयुक्तांना अंतरिम स्थगिती (निकाल लागेपर्यंत कारवाई थांबवणं) देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली २०१० मध्येच सांगून ठेवलं आहे. उद्या कामावरून काढणार असतील तर आयुक्तांच्या तारखेची वाट बघू नका. तो विषय उच्च न्यायालयातल्या रिट अर्जाचा.

आणि काही गोष्टी आयुक्तांच्या नसतातच. चारचौघांत अपंगत्वावरून मुद्दाम अपमान करणं, मारहाण करणं हे कलम ९२ खाली गुन्हे आहेत, सहा महिने ते पाच वर्षं कैद. ते पोलिसांत. लैंगिक गुन्हा असेल तर दिव्यांग तक्रारदाराचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायचा, हे नव्या फौजदारी संहितेतही आहे.

‘खासगी कंपन्यांना कायदा लागूच नाही’

गोंधळ कुठून येतो ते मला ठाऊक आहे. नोकरीतलं चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे, खासगींना नाही. तेवढ्यावरून लोक अख्खा कायदाच सोडून देतात. भेदभावाची बंदी सगळ्यांना आहे, आणि गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायला नकार देणं हाही या कायद्यात भेदभावच धरला आहे. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार गेली तर त्याने एक तर कारवाई करायची, नाहीतर आपलं वागणं रास्त हेतूसाठी आणि त्या मानाने योग्य कसं आहे हे लेखी द्यायचं. म्हणजे कंपनीला बाजू मांडायची वाट आहे, पण तोंडी ‘जमणार नाही’ ही ती वाट नव्हे. शिवाय त्या सोयीचा खर्च दिव्यांग माणसाकडून वसूल करता येत नाही, हे २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे.

भावाचा एक प्रसंग सांगतो. खातं उघडायला एका बँकेची व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणं, होती. पडद्यावर एक मुलगी आली, तिचे ओठ हलायला लागले. भावाने आधीच लिहून ठेवलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला: ‘मला ऐकू येत नाही. कृपया चॅटमध्ये लिहून विचारा.’ तिने कागद वाचला, हे आम्हाला दिसलं, कारण तिने मान जरा तिरकी केली. मग कॉल बंद. दोन मिनिटांनी एसएमएस: ‘ग्राहकाकडून प्रतिसाद न मिळाल्याने प्रक्रिया रद्द.’

त्या एसएमएसचा स्क्रीनशॉट हा आमच्या तक्रारीचा पहिला कागद होता. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी. कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तरच रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे फी नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. बाविसाव्या दिवशी शाखेतून मेल आला आणि सगळे प्रश्न लेखी विचारून काम झालं. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून यांच्या खटल्यात डिजिटल केवायसी दिव्यांगांना वापरता येईल अशी करण्याचे वीस निर्देश दिले. आता अशा अर्जात पहिल्याच परिच्छेदात त्या निकालाचं नाव घालावं.

दुकान, अ‍ॅप, इस्पितळ, विमान कंपनी, पैसे देऊन घेतलेली कुठलीही सेवा असेल तर ग्राहक आयोगाचं दारही आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. चार वर्षं लागली, हे मी लपवत नाही. पण ती कंपनी खासगीच होती.

‘चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट’

चाळीस टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी लागतं. भेदभावाविरुद्ध दाद मागायला ती अट नाही. विकास कुमार यांच्या खटल्यात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठीसुद्धा चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर जोडा, फायदाच आहे.

‘वकील लावा, पैसे घाला’

आयुक्तांकडे वकील लागत नाही. मुख्य आयुक्तांकडे ईमेलनेही तक्रार करता येते: तुम्ही कोण, समोरचा कोण, काय घडलं, पुरावे, काय हवं. झालं. कोर्टात जायची वेळ आलीच तर विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात दिव्यांग व्यक्तीला मोफत वकिलाचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आड येत नाही.

‘कर्णबधिराचं म्हणणं ऐकणार कोण?’

खरं सांगायचं तर तक्रार ही वाचायची गोष्ट आहे, ऐकायची नाही. अडचण येते ती पुढे. अर्जावर मोबाइल नंबर दिसला की कार्यालयं फोन करतात. भाऊ उचलत नाही. शेरा पडतो, ‘तक्रारदाराशी संपर्क होऊ शकला नाही’, आणि फाइल बंद. म्हणून आमच्या प्रत्येक अर्जावर सगळ्यात वर, ठळक, एक ओळ असते: ‘मी कर्णबधिर आहे. फोन करू नये. एसएमएस किंवा ईमेल करावा.’ आणि शेवटी दुसरी: ‘सुनावणी ठेवल्यास भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा.’ ही मागणी पहिल्याच अर्जात हवी, सुनावणीच्या सकाळी नको. सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या मदतीने थेट सर्वोच्च न्यायालयात काम पाहिलं. तिथे जमतं ते तहसील कचेरीत जमत नाही, असं कोणी म्हणू नये.

आणखी एक गोष्ट, जी ऐकू येणाऱ्यांना सांगावी लागते. सांकेतिक भाषेत वाढलेल्या माणसाची मराठी ही दुसरी भाषा असते. भावाच्या वाक्यांत विभक्ती गळतात, क्रियापद कुठेही येतं. सुरुवातीला मी ते सगळं ‘दुरुस्त’ करायचो. आता त्याचं वाक्य तसंच ठेवतो आणि खाली माझं जोडतो. ‘मुलगी कागद वाचली, बंद केली’ हे त्याचं वाक्य माझ्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा नेमकं होतं.

‘कायदा नुसता कागदावर’ आणि ‘व्हायरल करा’

रॅम्प, लिफ्ट, वेबसाइट यांच्या बाबतीत पहिला आरोप बराचसा खरा होता. सुगम्यतेच्या मानकांचा नियम १५ इतका सैल लिहिला होता की नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुख्य भाग कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला सक्तीचे नियम करायला तीन महिने दिले. हे घडलं ते एका याचिकेमुळे, फॉरवर्डमुळे नव्हे.

व्हिडिओ जरूर काढा. तो चांगला पुरावा आहे. पण त्याच्यावर आवक शिक्का बसत नाही, आणि शिक्का नाही तर दोन आठवडे, तीस दिवस, तीन महिने यांतली कुठलीच मुदत सुरू होत नाही.

हे सगळं मी तिन्ही ग्रुपांवर टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ वाढवून: या कायद्यातल्या ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत सहकारी संस्थाही येतात. आमच्या फाटकापासून लिफ्टपर्यंत चार पायऱ्या आहेत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची व्हीलचेअर मार्चपासून वॉचमनच्या खोलीत पडून आहे. सेक्रेटरींनी मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून नाही. लेखी अर्ज सोमवारी देतोय, पोच घेऊन.