अपर लाईट खाली घेऊ नका, इज्जत जाते

गाडी घेतलीत, पेढे वाटलेत, गणपती मंदिराबाहेर चाकाखाली लिंबं चिरडलीत, बॉनेटवर स्वस्तिक काढलंत. झालं की. यापलीकडं गाडी चालवायला आणखी काही लागतं, असा काही भित्र्या लोकांचा समज आहे. त्यांच्या नादाला लागू नका. सांगली-मिरज रस्त्यावर रोज जे थोर चालक बघायला मिळतात त्यांच्याकडून शिकून, आणि गेल्या आठवड्यात पलूस रस्त्यावर एका महात्म्यानं प्रत्यक्ष दीक्षा दिल्यावर, चार गोष्टी तुमच्यासाठी लिहून काढतोय.

सुरुवात नंबरपासून. एमएच १० च्या पुढं काय येतं यावर माणसाची लायकी ठरते. ४१४१ मिळाला तर तो ‘दादा’ वाचता यावा, ८०५५ मिळाला तर ‘बॉस’. आता सरकारनं सगळ्यांना एकसारखी पाटी लावायचा अन्याय केलाय खरा, पण मागची काच अजून मोकळी आहे. तिच्यावर साहेबांचा फोटो एवढा मोठा लावा की आरशात मागचं काही दिसू नये. मागचं बघून करायचंय काय? आपण मागं टाकलेलीच माणसं आहेत ती.

सीटबेल्टची टुंगटुंग कानाला त्रास देते. ॲक्सेसरीजच्या दुकानात नुसती क्लिप मिळते, ती खोचा.

हेल्मेट कोपरात अडकवा. कोपर फार नाजूक अवयव आहे.

हॉर्नबद्दल थोडं. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्यात २०१५ साली बंदी आली. तेव्हापासून लोक कुणी प्लीज न म्हणता वाजवतात, म्हणजे प्रगतीच आहे. विश्रामबागच्या सिग्नलला दिवा लाल असतानाच सुरू करा. हॉर्नचा आवाज वर तारेतून जातो आणि दिवा लवकर हिरवा होतो.

मिरजेला दवाखाने भरपूर, पार कर्नाटकातून पेशंट येतात. त्यामुळं या रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला तोटा नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून तिला वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून वाट जरूर द्या. आणि ती पुढं गेली रे गेली की तिच्या शेपटाला लागा. लोकांनी पेशंटसाठी केलेली वाट वाया कशाला घालवायची?

पोरगं नववीत गेलं की क्लासला जायला मोपेड द्या. ‘आमचा बंटी पाचवीपासून चालवतोय’ हे पाव्हण्यांत सांगायला बरं असतं. पोरानं अपघात केला किंवा नियम मोडला तर आईबापाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, असं कायद्यात लिहिलंय. पण कायदा लिहिणाऱ्यांनी बंटीचा हात कुठं बघितलाय?

आता मुख्य विषय. अपर लाईट, म्हणजे हेडलाईटचा लांबवर पडणारा वरचा झोत.

अपर लाईट खाली घेणं हा अपमान आहे, हे आधी मनात पक्कं करा. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, ही जुन्या पिढीची खोड. तेव्हाच्या गाड्यांच्या हेडलाईटला काळा ठिपका असायचा, उजेड समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. ट्रकच्या मागंसुद्धा रात्री डिपर वापरा असं लिहिलेलं असायचं. ती बिचारी माणसं समोरच्यालाही दिसलं पाहिजे असं मानायची. आपण पैसे मोजून पांढरेफेक एलईडी बसवले, बंपरवर आडवी पट्टी ठोकली, ती काय खाली बघायला? समोरचा गाडी चालवतोय का चाचपडतोय, तो त्याचा प्रश्न. त्यानं एकदा डिपर मारून विनंती केली तर आपण दोनदा मारून परत अपरवरच राहायचं. पहिला जो खाली घेईल तो हरला.

पलूसहून लग्नाची जेवणं उरकून सांगलीला येत होतो. रात्रीचे साडेदहा झाले असतील, वसगडं अजून यायचं होतं. शेजारी मामी, त्यांच्या मांडीवर उरलेल्या बुंदीचा डबा. मागच्या सीटवर दोन पोरं झोपलेली. समोरून एक भलीमोठी गाडी आली, दिवे असे की आपलं बॉनेटसुद्धा दिसेना. मी डिपर दिला. त्यानं उत्तरादाखल वरची पट्टीपण लावली. मग मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, डावीकडची पांढरी रेघ धरली आणि तो जाईपर्यंत नुसता अंदाजावर चाललो. तो सुंईकन गेला, काचेवर ‘आबांचा आशीर्वाद’ होता एवढं दिसलं. डोळ्यांपुढं हिरवी वर्तुळं. आणि ती वर्तुळं विरता विरता त्यांच्यामागून उसाचे बुडखे बाहेर आले.

डबल ट्रॉली. पंक्चर होऊन तिथंच उभी, निम्मी डांबरावर. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, इंडिकेटर असलाच तर लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. इशारा म्हणून ट्रॉलीच्या मागं चार पावलांवर तीन दगड मांडलेले! दगड रात्री चमकतात असं ज्याला वाटलं त्याचा सत्कार केला पाहिजे. मी ब्रेकवर उभा राहिलो. बुंदीचा डबा डॅशबोर्डवर आपटून उघडला, पोरं पुढच्या सीटवर आदळून रडायला लागली आणि गाडी थांबली तेव्हा बुडखे काचेपासून हातभर होते. मामी काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बुंदी वेचत बसल्या. मागून येणाऱ्या पठ्ठ्यानं मला ओलांडताना हॉर्न दाबून धरला आणि काच खाली करून, रस्त्यात काय थांबलाय, असंही विचारलं. त्याच्या दृष्टीनं चूक माझीच, कारण मी थांबलो होतो.

ताशी साठच्या वेगाला गाडी दर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळे दिपले की नीट दिसायला काही सेकंद लागतात. तीनच धरा. म्हणजे पन्नास मीटर आपण आंधळे. माझा वेग साठ असता तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, तोही श्रद्धांजलीच्या रकान्यात. आबांच्या आशीर्वादवाल्याला यातलं काहीच कळलं नाही. तो घरी जाऊन दूध पिऊन झोपला असणार, आणि त्याच्या हिशोबी त्या रात्री रस्त्यावर काहीच घडलं नाही. त्याच्या गाडीला ओरखडा नाही, चलन नाही. चारचौघांत तो सांगणार, इतकी वर्षं गाडी चालवतोय, एक ॲक्सिडेंट नाही आपल्या नावावर. अरे, नावावर नाही, कारण तो तुझ्या मागं पन्नास मीटरवर होतो!

त्या ट्रॉलीवाल्याला मी खाली उतरून बोललो. विशीतलं पोरगं, जॅक लावून बसलेलं, डोळे लाल, मोबाइलच्या टॉर्चवर काम चाललेलं. म्हणाला, काका, सकाळपासनं तिसरी खेप हाय, टनावर पैसं मिळत्यात. त्याच्यावर मला पूर्ण चिडता येईना, याचाच जास्त राग आला. ट्रॅक्टरवर गाणी वाजवायला कर्णे होते, दोन. कर्ण्यांना बॅटरी पुरते, मागच्या एका लाल दिव्याला पुरत नाही. आणि कारखाना? वजनकाट्यावर किलोकिलोचा हिशोब ठेवणारे लोक गेटातून बाहेर पडणाऱ्या रिकाम्या ट्रॉलीला दिवा आहे का एवढं बघू शकत नाहीत? हंगाम सुरू होताना पट्ट्या चिकटवतानाचा फोटो पेपरात येतो. ती पट्टी पुढं चिखलानं माखली की पुसायला कोण येतं, त्याचा फोटो कधी आलेला नाही.

आता पुरे झाली थट्टा. उपरोध बिपरोध गेला खड्ड्यात.

सांगली ते पुणे तीन तासांत गेलो म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या माणसा, तू पोचलास ते तुझ्या हातामुळं नाही. वाटेत ज्या ज्या अनोळखी माणसांनी तुझ्यासाठी ब्रेक दाबले, बाजूच्या मातीत गाडी घातली, बायकापोरांना सावरलं, त्यांनी तुला पोचवलं. तू ज्याला ड्रायव्हिंग म्हणतोस ती त्यांची मेहनत आहे. चांगला ड्रायव्हर ओळखायचा असेल तर तो किती जोरात जातो ते बघू नका. त्याच्यामुळं दुसऱ्या कुणाला ब्रेक मारावा लागत नाही, तो. असा माणूस कुणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून तुला तो व्हायचं नाही.

स्टिअरिंगशेजारी एक दांडी आहे. बाईकवर डाव्या अंगठ्याशी बटण आहे. समोर दिवे दिसले की ते खाली घ्यायचं. बोटाला घाम येत नाही, गाडीचं ॲव्हरेज पडत नाही, खानदानाला बट्टा लागत नाही. समोरच्यानं घेतला नाही तरी आपण घ्यायचा, कारण त्या रस्त्यावर दोन आंधळ्यांपेक्षा एक आंधळा परवडला. ती बंपरवरची एलईडीची पट्टी काढून टाका, आज. तुम्ही गावात राहता, रणगाड्यात नाही. बंटीची चावी काढून घ्या, तो रुसला तर रुसू दे, चार दिवस सिटी बसनं जाईल.

आणि ट्रॉलीवाल्या भावा, गाणी ऐक, माझी ना नाही. पण मागं दिवा लाव, पट्टी रोज पूस, बंद पडलीच तर पार रस्त्याच्या खाली घे. आणि पंक्चर काढून निघशील तेव्हा ते दगड आधी उचल. परवा परत त्या रस्त्यानं गेलो, तू गेलायस, दगड तिथंच आहेत.