काळू मेंढरांमागे सुटतो, तेव्हा – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं, की कुत्र्याला खाऊ देऊन ‘थांब’ शिकवणं ही लाच झाली. तुमचा काळू अंगणात शहाण्यासारखा बसतो, पण बांधावरून मेंढरं निघाली की सुसाट सुटतो आणि खाऊकडे ढुंकूनही बघत नाही. उलट साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कुत्र्यांना नुसता काठीचा धाक पुरतो.

आधी ठेलाऱ्यांचं बोलू. त्यांची कुत्री डोळे उघडल्यापासून मेंढरांतच लोळलेली असतात. त्यांना मेंढराचं अप्रूपच नाही, मग काठी कुणाला रोखणार? काळूच्या वाट्याला मेंढरं येतात ती वेचणी संपलेल्या कपाशीत चरायला येतात तेवढीच. ही तुलना त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

अंगणातला धडा बांधावर आपोआप जात नाही. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांना पक्की झालेली सवयसुद्धा अनोळखी माणूस आत आला किंवा नवा आवाज झाला की तेवढ्यापुरती मोडायची. शेवटी त्यांनी बाहेरचा आवाज पोचू नये अशा खास खोल्याच बांधून घेतल्या. आपल्याकडे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, शेजारची कोंबडी, सगळं उघड्यावर. ते बंद करता येत नाही, म्हणून आपल्याला उलट्या बाजूने जावं लागतं: त्यातच, पण लांबून सराव करायचा.

काळू खाऊ नाकारतो, त्यातच उत्तर आहे. उकडलेल्या कलेजीचा तुकडाही तो घेत नसेल, तर तुम्ही मेंढरांच्या फार जवळ उभे आहात. मागे सरका. मेंढरं दिसतायत, कान टवकारलेत, पण तुकडा घेतो, अशी जागा सापडेपर्यंत सरका. त्या दिवशीचा सराव तिथेच. आणि त्या दिवशी त्याला लांब सोडून जायचं नाही, फार वेळ बसवायचंही नाही. वेळ, तुमचं त्याच्यापासूनचं अंतर आणि समोरची ओढ यांतलं एकच वाढवायचं, बाकीचं कमी करायचं.

कुत्रं उठण्याआधी सांगतं. हा हा करणारं तोंड मिटतं, मान पुढे जाते, भार पुढच्या पायांवर येतो, मग ढुंगण उचलतं. तोंड मिटल्यावर त्याने एकदा जरी तुमच्याकडे वळून पाहिलं, तर लगेच शाबासकी द्या आणि तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये द्या, म्हणजे तो जागचा हलत नाही. बक्षीस द्यायला तुम्ही त्याच्याकडे जायचं. त्याला बोलावून दिलंत, तर तो उठण्याचीच वाट बघत बसेल. सोडताना एकच ठरलेला शब्द वापरा. मी ‘सुट्टी’ म्हणतो. ‘चल’ नको, तो दिवसभर कुणाच्याही तोंडी असतो.

काठीबद्दल माझं मत ठाम आहे. मेंढरं दिसली की मार बसतो, हे कुत्र्याच्या डोक्यात बसलं तर त्याचा राग मेंढरांवर निघू शकतो. आणि तुम्ही विहिरीवर असाल तेव्हा काठीही विहिरीवरच असते.

भरिताची भाकरी मात्र बक्षीस म्हणून देऊ नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

खाऊ जन्मभर लागत नाही. काळू टिकायला लागला की तुकडे विरळ करा. कळप पुढे गेल्यावर ‘सुट्टी’ म्हणून त्याला मेंढरं बसलेल्या जागेचा वास घेऊ द्या, ते त्याला कलेजीहून प्यारं असतं. तोवर गळ्यात लांब दोर हवाच. एखादं कोकरू फाडलं गेलं, तर त्या मेंढपाळाची भरपाई कोण करणार?