‘लुगर’ ही कंपनी नाही, माणसाचं आडनाव आहे

सध्या एक सल्ला फिरतोय: पिस्तुलांचा संग्रह करायचा तर ‘लुगर’ हा एकच ब्रँड धरा, सगळा माल एकाच कारखान्यातला, डोक्याला ताप नाही. कारखान्याची बात साफ चूक आहे.

लुगर हे रचनाकाराचं आडनाव. गेऑर्ग लुगरचं हे पिस्तूल स्विस सैन्याने १९०० साली घेतलं, जर्मन सैन्याने १९०८ साली. बनवलं मात्र अनेकांनी: बर्लिनच्या डीडब्ल्यूएम या कंपनीने, एरफुर्टच्या सरकारी कारखान्याने, सिमसन, क्रीगहॉफ, माउझर आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या शस्त्रागाराने. ओळख पटते ती वरच्या, गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्यावर. तिथे डीडब्ल्यूएमची गुंफलेली अक्षरं दिसतील, एरफुर्टचा मुकुट दिसेल किंवा माउझरचा ‘एस/४२’सारखा संकेत. जर्मन लष्करी नगात तर बारीकसारीक भागांवरही त्या पिस्तुलाच्या अनुक्रमांकाचे शेवटचे दोन अंक कोरलेले असतात. एखादा भाग बदललेला असला की अंक जुळत नाहीत आणि किंमत धाडकन खाली येते. म्हणजे डोक्याला ताप आहेच, आणि खरं तर मजाही त्यातच.

आपल्याकडच्या हौशींसाठी: शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर भारतात एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात.